मागच्या बाकावरच्या निरीक्षकाचं टेन्शन

नमस्कार मंडळी. आज जरा आमच्याच जमातीबद्दल बोलणार आहे, म्हणजे शिक्षक व्हायला निघालेल्यांबद्दल. ठाण्यात, कळव्यात, ऐरोली ते नेरूळ पट्ट्यात कुणी बी.एड. करत असेल, कुणी डी.एल.एड., त्यांनी तर ऐकाच, पण ज्यांच्या घरात असं कुणी रात्री बारा वाजता कार्डशीटवर स्केचपेनने बॉर्डर मारत बसलेलं असतं त्यांनीही ऐका, कारण "बी.एड.च तर आहे, त्यात काय एवढं" हे वाक्य बहुतेक वेळा घरातूनच आलेलं असतं.

मी नवी मुंबईतल्या एका मराठी शाळेत शिकवते आणि आमच्याकडे दरवर्षी छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण घेणारी मंडळी, येतात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि दोन्ही वर्षांची मिळून वीस आठवड्यांची इंटर्नशिप आली, त्यामुळे आता ही मंडळी चार पाठ घेऊन पळत नाहीत, आमच्यातच राहतात आणि त्यांचं टेन्शन आम्हाला जवळून बघायला मिळतं. गंमत सांगू का, मुलांची भीती फार थोड्यांना वाटते. भीती असते ती मागच्या बाकावर कागद घेऊन बसलेल्या निरीक्षकाची. त्या कागदावर रकाने असतात, प्रस्तावना, प्रश्नांची मांडणी, फलकलेखन, वर्गनियंत्रण, वेळेचं नियोजन वगैरे, आणि निरीक्षकाचं पेन हललं की पुढे उभ्या असलेल्या पोरीला वाटतं, गेलं, काहीतरी चुकलं. मग आवाज चढतो, फळ्यावरची ओळ तिरकी वर जायला लागते, खडू तुटतो, आणि सगळ्यात हमखास म्हणजे ती प्रश्न विचारते आणि कुणी हात वर करायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते!

ह्या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते कारण तिथेच एक साधा उपाय आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या तासांचं रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि लांब उत्तरं देतात, गप्प बसणारी पोरंही बोलायला लागतात. मुलांसाठी हे चांगलं आहेच, पण मी आमच्याकडच्या छात्राध्यापकांना सांगते की हे तीन सेकंद तुमचेसुद्धा आहेत, प्रश्न विचारा, मनात एक दोन तीन मोजा, श्वास सोडा, खांदे खाली येऊ द्या. कुणालाही कळत नाही की तुम्ही स्वतःला सावरताय, उलट निरीक्षक लिहितात "विचार करायला वेळ दिला".

आता सूक्ष्म अध्यापन. ह्याच्या नावानेच पोरांच्या पोटात गोळा येतो. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काढलं ते भीती कमी करायलाच, म्हणजे अख्खा वर्ग नको, अख्खा तास नको, मोजकी मुलं, एकच कौशल्य आणि थोडी मिनिटं. आपल्याकडे एनसीईआरटीने त्याचं छत्तीस मिनिटांचं चक्र बसवलं, सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे काय जमलं काय चुकलं ते सांगणं, बारा मिनिटं पुन्हा आखणी, सहा मिनिटं परत पाठ आणि सहा मिनिटं परत प्रत्याभरण. बघा ना, सगळ्यात जास्त वेळ दुरुस्तीला दिलाय. आणि आपण करतो काय, पहिला पाठ होतो, "आवाज कमी होता, फळा झाकला" असं ऐकवलं जातं, पुढचा नंबर येतो, आणि पुनरध्यापन, म्हणजे तोच पाठ परत घेणं, फक्त फाइलमध्ये लिहिलं जातं. सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणणार नाही, पण बऱ्याच जणांकडून हेच ऐकते. चूक दाखवली आणि सुधारायची संधी दिलीच नाही तर ती चूक माणूस घरी घेऊन जातो, लोकलमध्ये तेच आठवत बसतो. म्हणून कॉलेजमध्ये होत नसेल तर चौघी-पाचजणी मिळून करा, रिकामा वर्ग बघा, नाहीतर कुणाच्या तरी हॉलमध्ये करा, तोच पाठ त्याच दिवशी परत घ्या. मैत्रिणीसमोर दोनदा-तीनदा उभं राहिलं की कुणीतरी आपल्याकडे बघतंय ह्याची सवय व्हायला लागते.

गेल्या वर्षी एका मुलीचा सातवीवर खाडीचा पाठ होता, निरीक्षक मीच. टाचण म्हणजे पाठाची लेखी आखणी सुंदर, एका रकान्यात शिक्षक कृती, दुसऱ्यात विद्यार्थी कृती, अपेक्षित उत्तरंसुद्धा लिहिलेली, वर फ्लेमिंगोचा मोठा कलर प्रिंट. तिने विचारलं, "हा पक्षी कुठे आढळतो?" आणि मागून दिघ्याचा एक पोरगा अर्ध्या हिंदीत अर्ध्या मराठीत ओरडला, "मॅडम ये तो हमारे इधर येतात, ऐरोलीच्या खाडीत, माझ्या पप्पांनी बोटीतून दाखवले." टाचणात हे उत्तर नव्हतं. ती क्षणभर टाचणाकडे बघत राहिली, मला वाटलं आता घाबरून पुढच्या मुद्द्यावर उडी मारणार, पण तिने टाचण टेबलावर ठेवलं आणि त्याला पुढे बोलावलं. मग दहा मिनिटं तो पोरगा बोलत होता, चिखल, वास, भरती-ओहोटी, खारफुटीची मुळं कशी वर आलेली असतात ते, आणि ती फळ्यावर त्याचेच शब्द लिहीत होती. ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं ही माहिती तिने शेवटी दोन वाक्यांत सांगितली, ती माहिती शोभेल तिथेच. वेळेचं नियोजन त्या दिवशी बोंबललं खरं, मार्क तिथे कमी पडले, पण माझ्या मते वर्षभरातला तो सगळ्यात चांगला पाठ होता आणि मी तसा शेरा लिहिला. नंतर ती म्हणाली, मॅडम पहिल्यांदाच मी तुमच्याकडे बघायला विसरले.

फाइलींचं काय करायचं, हा खरा प्रश्न. काम खूप असतं हे मान्यच, पण टेन्शन साठतं ते रविवारी रात्री सगळी टाचणं एकदम काढायला बसल्यामुळे. आधी फक्त उद्दिष्टं आणि पाच-सहा प्रश्न लिहा, बाकी मजकूर त्यातून येतो. टेलिग्रामवरून सिनिअरचं पीडीएफ उतरवून काढलं की रात्र वाचते पण सकाळी वर्गात उभं राहिल्यावर ते प्रश्न आपले नसतात आणि मग धडधड दुप्पट. चार्टवर जीव ओतू नका, शेवटच्या बाकावरून वाचता येतो का एवढंच बघा. आणि तो वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रात्री दहानंतर म्यूट करा हो, साडेअकराला कुणीतरी सजवलेल्या फाइलचा फोटो टाकणार, "माझं झालं, तुमचं?" आणि तुमची झोप उडणार.

ज्यांचं लग्न झालंय, लहान मूल आहे, त्या बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. सकाळचा डबा, मुलाची शाळा, मग डोंबिवली-कळव्याकडून ठाण्याला उतरून जिने चढत पूल ओलांडत ट्रान्स-हार्बरची गाडी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत तेच, आणि एवढं करून "तू हल्ली चिडचिड करतेस". घरच्यांनो, पाठाच्या आठवड्यात संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करा, बस, ह्यापेक्षा मोठा सल्ला माझ्याकडे नाही.

मग येतं टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं भूत. दीडशे मार्कांची परीक्षा, खुल्या प्रवर्गाला साठ टक्के म्हणजे नव्वद लागतात, त्यानंतर टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, मग मानधनावर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं. हे सगळं एकदम डोळ्यासमोर आणलं तर कुणाचीही छाती दडपेल. पण एक लक्षात घ्या, टीईटीच्या प्रमाणपत्राला पूर्वी सात वर्षांची मुदत होती, २०२१ मध्ये ती काढून टाकली, आता ते आयुष्यभर चालतं. त्यामुळे इंटर्नशिपच्या आठवड्यांत टीईटीचं गाइड बंद ठेवा, मी तर कपाटात टाकायला सांगते. मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचा भाग तुम्ही तसाही रोज वर्गात करताच आहात.

आणि हे नेहमीच्या टेन्शनच्या पलीकडे गेलं असेल, म्हणजे आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, शाळेच्या गेटपाशी आल्यावर रडू येतं, जगणं नकोसं वाटतं, तर "पाठ संपले की होईल बरं" म्हणून वाट बघू नका. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांनाही लावता येतो.

आता दोन शब्द माझ्या शाळांमधल्या सहकाऱ्यांना. छात्राध्यापक आले की आपण त्यांना ऑफ तासांवर पाठवतो, पेपर तपासायला बसवतो, कॅटलॉग भरायला लावतो, आणि स्टाफरूममध्ये त्यांना बसायला जागा नसते म्हणून त्या बिचाऱ्या जिन्याखाली नाहीतर लायब्ररीच्या दारात उभ्या राहून डबा खातात. निरीक्षणाचा कागद पाठाच्या आधी त्यांना दाखवा, त्यात काय काय बघणार ते सांगा, अगदी मागे बसण्यापेक्षा बाजूच्या बाकावर बसा, पाठ झाल्यावर आधी जमलेलं सांगा मग राहिलेलं. आणि उद्या शाळेत गेल्यावर स्टाफरूममध्ये दोन खुर्च्या वाढवून घ्या.