टोपलीखालची शेपटी

(बेळगाव. बाजारातली गर्दी. दुकानात लहान मुलांच्या पुस्तकांची चळत.)

लहान मुलासाठी पुस्तक घ्यायचं म्हटलं, की बेळगावात काय, निपाणीत काय, हात आधी जातो तो अंकलिपीकडे. नाहीतर फळं-भाज्यांच्या चकचकीत पुस्तकाकडे. तीही हवीतच. पण त्यात कुणी हरवत नाही, कुणी सापडत नाही. मूल पान उलटतं ते पुढं काय झालं हे बघायला. ती भूक भागवायला गोष्टच लागते.

(खानापूर तालुका. कौलारू घराचा सोपा. आजी आणि नात.)

पानावर एवढंच लिहिलंय : ‘मनी कुठं गेली?’ चित्रात अंगण, पालथी टोपली, आणि टोपलीच्या कडेखालून डोकावणारं शेपटीचं टोक. आजी ओळ वाचतात. नातीचं बोट केव्हाच शेपटीवर गेलेलं.

‘आज्जी, हितं हाय बघ की!’

ओळीत जे नाही ते चित्रात आहे, आणि अक्षर न येणाऱ्या मुलीनं ते आजीच्या आधी वाचलं. चित्रपुस्तक निवडताना नेमकं हेच शोधायचं. दुकानात मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं बघत पानं उलटा. गोष्ट कळत गेली, तर पुस्तक जिवंत आहे. चित्रं नुसती शोभेला असतील, तर खाली ठेवा.

मग मजकूर मोठ्यानं वाचा. दुकानात संकोच वाटेल, वाटू दे. ‘मांजर टोपलीखाली लपून बसलेले होते’ असं घरात कोण बोलतं? मूल तेच पुस्तक रोज मागणार, आणि त्या परत-परत ऐकण्यातूनच शब्द त्याच्या तोंडी बसणार. म्हणून वाक्य जिभेवर सहज यायला हवं.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं पुस्तक द्या, कारण पान तोंडात जाणारच. तिथं एका पानावर एकच ठसठशीत चित्र पुरे. तिशीचाळिशीतल्या माणसाला गचाळ वाटावं इतकं गजबजलेलं चित्र साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र तासभर पुरतं. या वयात भीती, रुसवा, धाकट्या भावंडाचा हेवाही गोष्टीत यावा. शेवटच्या पानावरचं तात्पर्य मला नको वाटतं. मुलानं स्वतःहून काही म्हणायच्या आतच ते त्याचं तोंड बंद करतं. आणि आई कायम चुलीपुढं, बाबा कायम पेपर वाचत, असं पानोपान असेल तर दुसरं पुस्तक बघा.

(वडगावची गल्ली. खेळणारी मुलं, मराठी, कन्नड दोन्ही कानावर येतं.)

सीमाभागात ही निवड अधिक जपून करायला हवी. घरात मराठी, शेजारी कन्नड, शाळेत पुष्कळदा इंग्रजी. कर्नाटकाच्या 2015च्या कायद्यानं शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते, आणि ती यायलाच हवी. पण मग मराठी पुस्तक मांडीवर घेण्याची जागा उरते ती घर.

सुदैवानं पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतः चित्रं काढतात. त्यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या पुस्तकांतली मुलं खरोखरीच्या मराठी घरात बोलावं तशी बोलतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली स्वस्त पुस्तकं आहेत. चेन्नईची तूलिका ही प्रकाशनसंस्था मराठी आणि कन्नड दोन्हींत छापते. बेंगळुरूच्या प्रथम बुक्सनं 2015मध्ये स्टोरीवीव्हर ही वेबसाइट सुरू केली. तिथं कितीतरी गोष्टी त्याच चित्रांसह मराठीत आणि कन्नडमध्ये फुकट मिळतात. एकच गोष्ट आजीनं मराठीत सांगावी, शेजारच्या अक्कांनी कन्नडमध्ये. चित्र तेच असल्यामुळं मुलाला दोन्हीकडं वाट सापडते.

स्टोरीवीव्हरवरची पुस्तकं डाउनलोड करून घेता येतात. फोनवर दाखवण्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत छापून घ्या. फक्त पिना मारू नका, लहान मुलं त्या उचकटतात. मधोमध घडी घालून सुईदोऱ्यानं चार टाके घाला.