बुकितिंग्गीच्या बाजारातल्या उनी

ढगातून डोकं काढलेला हा मारापी, २८९१ मीटर, आणि शेजारचा सिंगालांग, त्याच्यापेक्षा जेमतेम १४ मीटरने बुटका. दोघंही ज्वालामुखी. मध्ये पसरलंय ते बुकितिंग्गी, इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राचं बाजाराचं शहर, समुद्रापासून ९०० मीटरच्या वर, त्यामुळे विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असूनही इथे गारवा.

हा जाम गदांग, १९२६ चा घड्याळाचा मनोरा. डचांच्या काळात वर गोल घुमट होता आणि त्यावर कोंबडा, जपानी आले त्यांनी आपल्या पद्धतीचं छप्पर चढवलं, आणि स्वातंत्र्यानंतर हे आत्ताचं, रेड्याच्या शिंगांसारखं वळलेलं, अस्सल मिनांगकाबाऊ, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या पद्धतीचं. चारचा रोमन आकडा झूम करून बघा, सरळ चार उभ्या काठ्या! पब्लिक इथे सेल्फी काढून परत फिरतं, आपण मात्र उतारावरच्या बाजारात जाऊ.

हे लोस लांबुआंग, इथे मिळतं नासी कापाऊ, म्हणजे कापाऊच्या पद्धतीचा भात आणि वर कालवणं. कापाऊ हे शहराला खेटूनच असलेलं गाव, तिथल्या बायकांची ही पद्धत. उनी म्हणजे ताई, ती वर बसते, समोर पातेल्यांची उतरंड, आणि हातात ही करवंटीची पळी, दांडा एवढा लांब की लांबच्या पातेल्यातलं कालवणही ती जागेवरून न हलता थेट भातावर आणते, एक थेंब सांडत नाही. कच्चा फणस, कोबी, चवळीच्या शेंगा, सगळं नारळाच्या दुधात. हे जाडजूड दिसतंय ते तांबुसू, आतड्यात अंडं आणि टोफू भरून शिजवलेलं. आणि हे रेंदांग, नारळाचं दूध पार आटून, तेल सुटून, मांस काळपट होईस्तोवर तासन्‌तास ढवळायचं, घाई केली की ते रेंदांग राहतच नाही. हॉटेलवाल्यांमुळे नासी पादांगचं, म्हणजे पादांग शहराच्या नावाने मिळणाऱ्या भात-कालवणाचं, नाव जगभर झालं, पण आम्हाला विचाराल तर खरी चव इथेच.

मिनांगकाबाऊंमध्ये घर-जमीन आईकडून मुलीकडे जाते, पोरं कमवायला परगावी, म्हणून गल्ल्यावरही उनीच.

३ डिसेंबर २०२३ ला हाच मारापी उसळला, २४ गिर्यारोहक गेले, आणि मे २०२४ मध्ये पावसाने त्याची राख-दगड खाली लोटले तेव्हा आसपासच्या गावांत साठच्या वर माणसं गेली.

बाजार रोजच असतो, पण खरी गर्दी बुधवारी आणि शनिवारी. उपाशीपोटी या, आणि पळी कुठल्या पातेल्यात जातेय त्यावर लक्ष ठेवा, भात भरला की उनी थांबायची नाही, तुम्हालाच बास म्हणावं लागेल.