कुलूप-किल्ली जरा बाजूला ठेवू

हार्मोन म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं तेच चित्र डोळ्यासमोर येतं, रिसेप्टर म्हणजे कुलूप, हार्मोन म्हणजे किल्ली, किल्ली फिरवली की झालं काम. आता ही उपमा एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये दिली ती एन्झाइमसाठी, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रोटीनांसाठी, हार्मोन हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये आणला, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी लँगली या दुसऱ्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने मांडलं की पेशीत औषध धरून घेणारा काहीतरी पदार्थ असलाच पाहिजे. आज आपण त्यालाच रिसेप्टर म्हणतो.

हार्मोन प्राण्यांत असतात तसे झाडांतही असतात, आणि मला बोलायचंय ते झाडांबद्दल. प्राण्यांचं पटकन सांगतो, कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतं. इन्सुलिन म्हणजे प्रोटीन, ते पेशीच्या आवरणातून आत जाऊच शकत नाही, म्हणून बाहेरच रिसेप्टरला चिकटतं आणि निरोप रिसेप्टरची आतली बाजू पुढे देते. कॉर्टिसॉल स्टेरॉइड आहे, चरबीत विरघळणारं, ते सरळ आत घुसतं, आत त्याचा रिसेप्टर दुसऱ्या प्रोटीनांच्या पकडीत थांबलेला असतो, कॉर्टिसॉल बसलं की त्याचा आकार बदलतो, तो केंद्रकात जातो आणि थेट डीएनएवर बसतो.

मग झाडांमधलं स्टेरॉइडही असंच आत जात असेल ना? आपण हेच म्हणणार. पण नाही! ब्रासिनोस्टेरॉइड बाहेरच थांबतं, पेशीच्या पृष्ठभागावरच्या बीआरआय-१ नावाच्या रिसेप्टरवर. प्राण्यांमधले ते केंद्रकात जाणारे रिसेप्टर झाडांकडे नाहीतच.

आता माझा सगळ्यात आवडता, ऑक्सिन. झाडांच्या वाढीचं हार्मोन म्हणून १९३०च्या दशकापासून माहीत, पण तो नेमका कुठे बसतो ते पक्कं कळायला २००५ उजाडलं. टीआयआर-१ नावाचं प्रोटीन. त्यात एक खोबण आहे, ऑक्सिन तिच्या तळाशी जाऊन बसतो आणि (इथे कुलूप-किल्लीची वाट लागते) टीआयआर-१चा आकार काही बदलत नाही, काही उघडत नाही, काही फिरत नाही, फक्त खोबणीत जी जागा रिकामी होती ती भरते आणि त्यावर दुसरं एक प्रोटीन नीट टेकतं. म्हणजे ऑक्सिन इथे डिंकाचं काम करतो. ते दुसरं प्रोटीन वाढीच्या जीन्सना दाबून ठेवणारं असतं, ते चिकटलं की त्याच्यावर 'मोडीत काढा' असा शिक्का बसतो, पेशी त्याचे तुकडे करते, आणि जीन्स मोकळे. निरोप काय, तर पहारेकऱ्याला काढा! २,४-डी हे तणनाशक याच खोबणीत बसतं, १९४०च्या दशकापासून लोक ते शेतात फवारत होते आणि ते कुठे चिकटतं हे साठेक वर्षं कुणालाच माहीत नव्हतं, मला तर याचं अजून नवल वाटतं.

जिबरेलिन हे झाडांचं आणखी एक हार्मोन, त्याची तऱ्हा वेगळी, तो खोबणीत गेला की वर झाकण पडतं आणि पुढचं प्रोटीन त्या झाकणाला येऊन चिकटतं. इथिलीन हेही झाडांचं हार्मोन, पण ते तर नुसता वायू, दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, एवढ्याशा रेणूला धरायचं कशानं? रिसेप्टरमध्ये तांब्याचा आयन असतो, त्याला. आणि इथे सगळं उलटं आहे, रिकामा रिसेप्टर चालू असतो, इथिलीन बसलं की बंद होतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, एकदा चिकटलं की कायमचं का? नाही हो, बहुतेक ठिकाणी बंध कच्चे असतात, हार्मोन बसतं, सुटतं, पुन्हा बसतं, रक्तातलं किंवा रसातलं प्रमाण घटलं की खोबणी आपोआप रिकाम्या व्हायला लागतात. अपवाद एक सांगतो, स्ट्रिगोलॅक्टोन, हेही झाडांचंच हार्मोन. त्याचा रिसेप्टर स्वतःच एन्झाइम आहे, तो आलेल्या हार्मोनलाच कापतो आणि एक तुकडा स्वतःला पक्का जोडून घेतो, आता निरोप कापण्याआधी जातो की नंतर, यावर संशोधकांची अजून जुंपलेली आहे.