रात्रीच्या रील्सना पर्याय घडवताना

रात्रीच्या रील्सना पर्याय घडवू पाहणाऱ्या मित्रहो, २००६ साली अझा रॅस्किन या अमेरिकी डिझायनरने कधीच न संपणाऱ्या पानाची मांडणी तयार केली. त्याआधी पान संपलं की खाली ‘पुढचे पान’ असं बटण असायचं. तिथे बोट क्षणभर थांबायचं, नजर घड्याळाकडे जायची. थांबण्याची ती जागाच गेली. पुढे रॅस्किननी याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. नुसतं काढून घेतल्याने जागरण थांबत नाही, हे तेव्हाच दिसलं.

रात्री साडेअकराला रील्स बघणाऱ्या बाईला आळशी म्हणू नका. नोकरी, लोकल, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सगळं उरकल्यावर तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो. त्या वेळी तिला ध्यान करा, इंग्रजी शिका असं सांगणारं ॲप म्हणजे आणखी एक काम. आणि ‘आजची वेळ संपली’ ही सूचना तर एका बोटाने बाजूला सारता येते. थकलेल्या माणसाच्या निग्रहावर उभी केलेली रचना मला अन्यायाची वाटते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हा भार गावाने मिळून उचलला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, साडेआठला पुन्हा वाजतो. मधला दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. सगळ्यांचेच बंद, त्यामुळे आपलं काही हुकतंय असं कुणाला वाटायला नको. मला हा फार मोलाचा प्रयोग वाटतो. पण मध्यरात्री अंथरुणात एकट्या पडलेल्या माणसासाठी भोंगा कोण वाजवणार?

इथे मला आकाशवाणी आठवते. विविध भारतीवर रात्री दहाला ‘छायागीत’ लागायचं. गाणी निवेदक निवडायचा, ऐकणाऱ्याला काही ठरवावं लागत नसे, आणि पुढे रात्रीचं प्रसारणच संपायचं.

तर तुम्ही असं काही करून बघा. फोनवर एकच बटण. दाबलं की पडदा काळा, आणि कानात वीस मिनिटांची गोष्ट. पुढचा भाग उद्या रात्रीच. सलग किती रात्री ऐकलं याची मोजणी नको, शिफारशी नकोत. आवाज शेवटाकडे हळूहळू उतरत जावा. पुस्तक वाचा म्हणणं सोपं आहे, पण एका खोलीत पाच माणसं झोपतात तिथे दिवा कसा लावायचा? इअरफोनचा कुणालाच त्रास नाही.

बहुतेकांना गोष्ट संपण्याआधीच झोप लागेल, आणि तेच हवं आहे. म्हणून दुसऱ्या रात्रीचा भाग आदल्या रात्रीच्या शेवटच्या पाच मिनिटांपासून सुरू करा.