एक तिरपी रेघ

(काळा फळा. खडूने लिहिलेला एकच शब्द.)

तेर्मिनो. शब्द स्पॅनिश. अक्षरं, म्हणजे उच्चाराचे तुकडे, तीन: तेर, मि, नो.

आता नीट ऐका. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'तेर'वर दिला, तर अर्थ होतो संज्ञा. 'मि'वर दिला, तर 'मी संपवतो'. आणि 'नो'वर दिला, तर 'त्याने संपवलं'. माणूसही बदलला, काळही बदलला.

(खडू स्वराच्या डोक्यावर छोटी रेघ ओढतो.)

लिहिताना हा फरक सांभाळते ही तिरपी रेघ, तिल्दे. पण ती सगळ्या शब्दांवर नसते. शब्द स्वराने किंवा न, स यांनी संपला, की आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर: का-सा, म्हणजे घर. दुसऱ्या व्यंजनाने संपला, की शेवटच्या अक्षरावर: सिउ-दाद, शहर. ही घडी मोडणाऱ्या शब्दालाच रेघ लागते. मेक्सिकोला तिथले लोक मे-हि-को म्हणतात, जोर 'मे'वर. म्हणून देशाच्या नावावरही रेघ.

मराठी कान इथे फसतो. लघु-गुरू आपण वृत्तात मोजतो, पण जोर सरकवून अर्थ बदलण्याची आपल्याला सवय नाही. लॅटिन अमेरिकेच्या बाजारात 'पापा' मागताना जोर पहिल्या 'पा'वर हवा, तर बटाटा मिळेल. शेवटच्या 'पा'वर गेला, तर तुम्ही बाबांना मागताय! देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात.

जोर कुठे ते कळायला आधी शब्द फोडता यायला हवा. आ, ए, ओ हे दणकट स्वर. शेजारी आले तरी वेगळेच राहतात: पो-ए-ता, कवी. इ, उ नरम. ते शेजाऱ्यात मिसळतात. मात्र आघात त्यांच्यावरच पडला, की तेही वेगळे होतात. मा-री-आ. आपण मारे 'मारिया' लिहून मोकळे होतो.

(पडद्यावर या निवेदनाचा कागद.)

मी वाचतोय त्या संहितेला स्पॅनिशमध्ये म्हणतात गिओन. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना देतात, त्या आडव्या रेघेलाही गिओनच. स्पेनमध्ये बरेच जण गि-ओन अशी दोन अक्षरं म्हणतात. मेक्सिकोत अनेकांच्या तोंडी एकच, ग्योन. २०१० च्या शुद्धलेखनाच्या नियमांत माद्रिदच्या स्पॅनिश भाषा अकादमीने आणि इतर देशांतल्या अकादम्यांनी मिळून ठरवलं: लिहिताना हे एकच अक्षर धरायचं. आणि अशा एकाक्षरी शब्दाला रेघ नाही.

माद्रिदकरांनी म्हणायची दोन, लिहायचं एक.