तारीख की ओल : एका ग्राफ डेटाबेसच्या आवृत्त्या

(दृश्य : हिंगणघाट तालुक्यातील एक गाव. जूनचा मध्य. वखरून ठेवलेले काळे वावर, भरून आलेले आभाळ.)

मृग लागून आठवडा झाला, तरी या वावरात पेरणी सुरू झालेली नाही. बियाण्याच्या पिशव्या घरात पडून आहेत. घरातले वडीलधारे रोज सकाळी धुऱ्याजवळची माती मुठीत दाबून पाहतात आणि परत येतात. नक्षत्र आले, पण ओल आली नाही. आणि दुबार पेरणीचा खर्च ज्याने एकदा सोसला आहे, तो पंचांगावर विसंबून बियाणे मातीत घालत नाही.

(दृश्य : ओसरी. बाजेवर लॅपटॉप.)

त्यांचा पुतण्या याच घराच्या ओसरीत बसून जेनसग्राफ या मुक्तस्रोत ग्राफ डेटाबेसची नवी आवृत्ती तपासतो आहे. ग्राफ डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत नव्हे, तर नोड आणि त्यांना जोडणाऱ्या एज यांच्या रूपात साठवली जाते. त्याने चाचणीसाठी घरचेच कागद घेतले आहेत : पणजोबांच्या नावाचा एक गट, त्याचे फेरफार, आत्यांची हक्कसोडपत्रे आणि चार घरांची मिळून असलेली एक विहीर. प्रत्येक माणूस, गट आणि विहीर हा एकेक नोड आहे. ‘वारस’, ‘हक्क सोडला’, ‘पाण्याची पाळी’ या एज आहेत. सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे ते दिसते, पण ते कोणाकडून कोणाकडे आले, हे शोधायला फेरफारांमागून फेरफार काढावे लागतात. इथे ग्रेमलिन या भाषेत एकच प्रश्न विचारायचा : या गटापासून निघ, ‘वारस’ या एजवरून तीन पिढ्या चाल आणि जिथे पोहोचशील तिथली नावे दे.

एवढ्याशा कामाला हा डेटाबेस म्हणजे चार कप चहासाठी भट्टी पेटवण्यासारखे आहे, हे तो स्वतःच कबूल करतो. जेनसग्राफ मुळात अनेक यंत्रांवर पसरलेल्या प्रचंड ग्राफसाठी बांधलेला आहे. कॅसांड्रा किंवा एचबेस यांसारखा वेगळा डेटाबेस हे त्याचे माहिती साठवण्याचे कोठार असते. मात्र बर्कली डीबी या लहान कोठाराच्या आधारे तो एका लॅपटॉपवरही चालतो.

या प्रकल्पाचा जन्मच अडचणीतून झाला. त्याच्या आधी टायटन नावाचा मुक्तस्रोत ग्राफ डेटाबेस होता. तो घडवणारी ऑरेलियस ही कंपनी २०१५ मध्ये डेटास्टॅक्सने विकत घेतली आणि टायटनचे काम थंडावले. परवाना खुला असल्यामुळे इतरांना तो कोड उचलून पुढे नेता आला. २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जेनसग्राफ सुरू झाला. गूगल, आयबीएम, हॉर्टनवर्क्स यांसारख्या कंपन्या सुरुवातीपासून सोबत होत्या. एक तोंड मागे आणि एक पुढे असलेल्या रोमन देवाचे नाव त्याला मिळाले. टायटनमध्ये साठवलेली जुनी माहिती नव्या घरात उघडली पाहिजे, ही जबाबदारी पहिल्या दिवसापासून अंगावर असलेल्या प्रकल्पाला ते शोभतेही.

०.१.० ही आवृत्ती एप्रिल २०१७ मध्ये आली आणि १.० ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधली साडेसहा वर्षे हा बाहेरून आळस दिसतो. पण अशा प्रकल्पात वेळापत्रक एकट्याच्या हातात नसते. ग्रेमलिन ही भाषा अपाची या मुक्तस्रोत संस्थेच्या टिंकरपॉप या वेगळ्या प्रकल्पाची आहे. कॅसांड्राच्या ४.० या आवृत्तीने २०२१ मध्ये थ्रिफ्ट हा संपर्काचा जुना मार्ग काढून टाकला, तेव्हा त्या मार्गावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला नव्या वाटेला लागावे लागले, आणि जेनसग्राफलाही आपल्या कोडमधला तो मार्ग मोडावा लागला. वरच्या धरणातून पाणी केव्हा सुटते, यावर ज्याच्या ओलिताचे दिवस ठरतात, त्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच प्रत्येक आवृत्तीसोबत एक जुळणीचा तक्ता येतो : कोणत्या जेनसग्राफबरोबर कोणता कॅसांड्रा, कोणता इलॅस्टिकसर्च (शोधाचे इंजिन), कोणता टिंकरपॉप. त्यातच ‘स्टोरेज व्हर्जन’, म्हणजे माहिती साठवण्याच्या ढाच्याची आवृत्ती, असा एक रकाना आहे. नव्या सोयींची यादी सगळे वाचतात. मला विचाराल तर आधी वाचण्याजोगा रकाना तो आहे.

टिंकरपॉपसारख्या अपाची प्रकल्पात आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी मतदान होते. ते सहसा किमान ७२ तास खुले राहते, अधिकार असलेल्यांची किमान तीन होकारार्थी मते लागतात आणि होकार नकारांपेक्षा जास्त असावे लागतात. एकट्याच्या नकाराने आवृत्ती अडत नाही. कोरमअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभा पाहिलेल्या माणसाला तीन हा आकडा फारच लहान वाटेल. पण होकार देणाऱ्याने आधी तो कोड उतरवून, स्वतःच्या यंत्रावर बांधून, तपासलेला असावा लागतो.

(दृश्य : रात्र. दूरवर पंपाचा आवाज.)

वीज रात्री आली आहे. काका मोटार सुरू करायला विहिरीकडे गेले आहेत. पुतण्याने जुन्या ग्राफची पूर्ण प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, मूळ प्रतीला हात लावलेला नाही. नव्या आवृत्तीने ती प्रत उघडली. तीन पिढ्यांचा तोच प्रश्न त्याने पुन्हा विचारला. पडद्यावर अकरा नावे आली. जुन्या आवृत्तीतही अकराच होती. तरी वहीतल्या यादीवर बोट ठेवून तो एकेक नाव ताडून पाहतो आहे, आणि सहाव्या नावापाशी थांबून ते पुन्हा वाचतो आहे.