दोर टाकणारी बोट

नमस्कार, श्रोतेहो.

घाटात एसटी बंद पडली तर ती जागच्या जागी उभी राहते. आपण खाली उतरतो, कंडक्टर मागून येणाऱ्या गाडीला हात करतो. भर समुद्रात जहाजाचं इंजिन बंद पडलं तर? ते थांबत नाही. ते वाहवत जातं. 2011 च्या जुलैअखेरीस जुहूच्या वाळूत येऊन बसलेलं ‘पवित’ आठवतं ना? खलाशांनी ते ओमानच्या बाजूला सोडलं होतं, बुडालं असंच सगळे धरून चालले होते. महिन्याभरानं ते थेट आपल्या चौपाटीवर. म्हणून म्हणतो, लक्षात ठेवा: जहाज थांबत नाही, वाहवत जातं.

आज जायचंय स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड नावाच्या बेटांवर. 5 जानेवारी 1993. ‘ब्रेअर’ नावाचं तेलवाहू जहाज नॉर्वेहून कॅनडाला निघालेलं, पोटात सुमारे 85 हजार टन तेल. वादळात डेकवरचे पाइप सुटले, हवेच्या नळ्या तुटल्या, इंजिनाच्या इंधनात खारं पाणी शिरलं. इंजिन बंद. सहा तासांहून अधिक काळ जहाज वाहवत राहिलं आणि खडकावर आदळलं. माणसं सगळी वाचली, 34 च्या 34. जहाज ओढून नेणाऱ्या बोटीचा दोर वेळेवर बांधता आला नाही, एवढंच. चौकशी झाली आणि ठरलं, की दणकट टग कायम तैनात हव्यात. टग म्हणजे दुसऱ्या जहाजाला दोर टाकून ओढणारी बोट. स्कॉटलंडच्या वाट्याला अशा दोन आल्या. एक पश्चिमेकडच्या बेटांवरच्या स्टोर्नोवे बंदरात, दुसरी उत्तरेच्या बेटांकडे.

आता माझी आवडती गोष्ट. घरचे म्हणतात, किती वेळा सांगणार? पण तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय.

ऑक्टोबर 2010. लंडनच्या सरकारची तिजोरी आटलेली. 20 तारखेला काटकसरीचा मोठा आराखडा जाहीर झाला आणि त्याच्या कात्रीत या टगही सापडल्या. सव्वातीन कोटी पौंडांच्या आसपास बचत होणार म्हणे. हिशेबनिसाचंही खरंच होतं. टग बहुतेक दिवस काही करतच नाही, नुसती उभी असते. (आमच्या सोसायटीतही दर सभेला कुणीतरी उठून विचारतो, ती आग विझवायची लाल नळकांडी भरून घ्यायचा खर्च कशाला? मी त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलंय.)

तर 20 तारखेला घोषणा. आणि 22 तारखेला, शुक्रवारी सकाळी, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या स्काय बेटाच्या पुलाजवळ कोण रुतून बसावं? ब्रिटिश नौदलाची नवीकोरी अणुपाणबुडी, ‘अस्ट्यूट’. किंमत एक अब्ज पौंडांच्या वर. शत्रूला चाहूलही लागू नये अशी बांधलेली. ती सुरक्षित वाट सोडून उथळ पाण्यात शिरली, वर ओहोटी लागली, आणि दिसेनासं होणं हेच जिचं काम, ती भल्या सकाळी पाठ उघडी टाकून बसली! दिवसभर टीव्हीवर तिचंच दर्शन. ‘अस्ट्यूट’ म्हणजे चाणाक्ष, हेही सांगून ठेवतो.

मग मदतीला कोण धावलं? स्टोर्नोवेची टग, ‘अँग्लियन प्रिन्स’. हो, तीच, दोनच दिवसांपूर्वी जिला घरचा रस्ता दाखवला होता ती!

इथे थांबलो तर गोष्ट फारच गोड होईल. पुढचंही ऐका. ओढाओढीच्या गडबडीत ही टगच पाणबुडीवर आदळली, आणि पाणबुडीच्या पुढच्या पंखाला इजा झाली. म्हणजे रुतण्यापेक्षा सुटकेनं जास्त लागलं, असं म्हणायची वेळ. संध्याकाळी भरती आली, पाणी चढलं, पाणबुडी सुटली. मला विचाराल तर अर्धं श्रेय टगचं, अर्धं चंद्राचं. चंद्राचं कंत्राट मात्र कुणालाच रद्द करता येत नाही.

पुढे बेटांवरून ओरड झाली, टगना मुदतवाढ मिळाली, आणि दोनांपैकी एक उरली, उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर. पश्चिम किनाऱ्यावर काही झालं, तर तिला वळसा घालून यायला कित्येक तास लागतात. आणि तेवढ्या वेळात जहाज काय करतं? वाहवत जातं.

बेटावरच्या माणसाला याचं एवढं का? कारण त्याचा पाव, औषधं, टपाल, मेंढरं, सगळं फेरीबोटीनं येतं-जातं. ज्यांनी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटीनं प्रवास केलाय, बंदराबाहेर बोट थांबल्यावर पडावात उतरलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. स्टोर्नोवे ते मुख्य भूमीवरचं उल्लापूल ही फेरी अडीच-पावणेतीन तासांची. वारा फिरला की ती रद्द, आणि दुकानातली फळी रिकामी. त्याच पाण्यातून मोठाली मालवाहू जहाजं जातात. म्हणून टग आणि फेरी, दोन्ही हव्यात. फेरी नेते, टग ओढते.

फेऱ्यांचीही रड आहेच. ‘ग्लेन सॅनॉक्स’ नावाच्या नव्या फेरीचं 2017 मध्ये थाटात जलावतरण झालं. खिडक्या बसल्याच नव्हत्या, म्हणून काळ्या रंगानं रंगवल्या! बोट प्रवाशांना घेऊन निघाली ती जानेवारी 2025 मध्ये. फीत कापायची घाई ही काही आपल्याकडचीच मक्तेदारी नाही, हे कळून मला उगाच बरं वाटलं.

फेअर आयलची तऱ्हा आणखी निराळी. पन्नासेक माणसांचं बेट, त्यांची बोट ‘गुड शेफर्ड’. बारा उतारू, अडीच तासांची वाट, आणि परत आल्यावर वादळाच्या भीतीनं अख्खी बोट पाण्यातून ओढून वर घेतात, आपल्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारतात तशी. फक्त ते वर्षातून एकदा नव्हे, फेरीगणिक.

त्या बोटीवरच्या प्रवासाचं सांगायचं होतं, पण काचेपलीकडून निर्माते घड्याळाकडे बोट दाखवताहेत. ते हाताचं बोट. पाण्यातल्या बोटीचं पुढच्या बुधवारी. नमस्कार.